पल्सरचे डिस्क पॅड: तीन जोड, अठ्ठावीस हजार किलोमीटर आणि धारूरचा घाट

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. दवाखान्यात पेशंटच्या रांगेत मांडीवर बॅग घेऊन बसलेला, टाय सैल केलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याला मधेच आत सोडलं की तुम्ही मनातल्या मनात शिव्या घालता. तो मी. मुक्काम अंबाजोगाई, जिल्हा बीड. एक दिवस स्वाराती, म्हणजे इथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, आणि गावातले दवाखाने, एक दिवस परळी, एक दिवस केज, आणि गुरुवारी धारूर करून घाटानं खाली तेलगाव, माजलगाव. महिन्याला चौदाशे किलोमीटर कुठं गेले नाहीत. गाडी २०१७ ची पल्सर १५०. पुढं २४० मिलीमीटरची डिस्क, मागं १३० चा ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं १ एप्रिल २०१९ पासून, माझी त्याच्या आधीची. त्यामुळं ब्रेक कुठवर दाबायचा हे उजव्या हाताच्या दोन बोटांनीच ठरवायचं.

गेल्या वीस महिन्यांत पुढच्या डिस्कला ब्रेक पॅडचे, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळून गाडी थांबवणाऱ्या तुकड्यांचे, तीन जोड लावले. पहिला भिकार निघाला. दुसरा चांगला होता, पण मी महिनाभर त्याला नावं ठेवत फिरलो. तिसरा अजून चालू आहे. आमच्या एमआर लोकांच्या ग्रुपवर दर आठ दिवसाला कुणीतरी विचारतंच, "पॅड कोणते टाकू?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

पहिला जोड नव्वद रुपयांचा. गडबडीत घेतला होता, केजला रस्त्यावरच्या एका दुकानात. जुने पॅड करकर करायला लागले होते आणि पाच वाजता डॉक्टरची वेळ होती. पांढरा डबा, त्यावर एका नामांकित कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाव आणि खाली ‘ओरिजिनल क्वालिटी’. आता गंमत बघा. मी दिवसभर डॉक्टरांना काय सांगतो? सर, डबा सारखा दिसला म्हणून आतला माल सारखा नसतो. आणि स्वतःच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा डबा उघडूनसुद्धा बघितला नाही. पोरानं पंधरा मिनिटांत बसवून दिले, मी निघालो.

गावात काही कळलं नाही. उलट पहिले आठ दिवस बरेच वाटले. कळलं ते ऊस ऐन भरात असताना, धारूरचा घाट उतरताना.

ज्यांनी हा घाट बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धारूर वर, बालाघाटाच्या माथ्यावर, तेलगाव खाली. मधला रस्ता अरुंद, वळणावर वळण. हंगामात खालून ट्रॅक्टर चढत असतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला ऊस आणि डेकवर गाणं एवढं मोठं की हॉर्न द्यायचा तो आपल्या समाधानासाठी. मी चौथ्या गिअरमध्ये, उतारभर पुढचा ब्रेक थोडा थोडा दाबत चाललेलो. हीच पहिली चूक, पण ती नंतर समजली. तिसऱ्या-चौथ्या वळणावर काहीतरी करपल्याचा वास आला. मला वाटलं कुणाच्या तरी ट्रकच्या क्लचचा असंल. पुढच्या वळणावर ट्रॅक्टर समोर आला आणि मी लिव्हर दाबली. लिव्हर दगडासारखी घट्ट. जेवढी दाबीन तेवढी घट्ट, पण गाडी थांबायचं नावच घेईना. पाय आणि गिअर दोन्ही एकदम मारले. चौथ्यावरून तिसरा, दुसरा. इंजिन बोंबललं, मागचं चाक थोडं सरकलं आणि गाडी कठड्याला दोन फूट ठेवून उभी राहिली. ट्रॉलीतला ऊस माझ्या उजव्या आरशाला घासून गेला. आरशात पाचट अडकून बसली होती, ती मी तेलगावला पोचल्यावर चहा पिताना काढली. ट्रॅक्टरवाला जाता जाता म्हणाला, "काय ओ साहेब, उतारावर काय शर्यत लावली व्हय?" त्याला काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी गाडी अंबाजोगाईच्या माझ्या मिस्त्रीकडं नेली. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. वय साठच्या पुढं, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. चाचांनी कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा, सोडवलं, पॅड काढले, फडक्यानं पुसले आणि माझ्यासमोर उन्हात तिरपे धरले. "साब, देखो. मूँ दिखता इसमें." खरंच दिसत होतं. मसाल्याचा, म्हणजे पॅडच्या पत्र्यावर बसवलेल्या घासणाऱ्या थराचा, पृष्ठभाग काळा, गुळगुळीत, आरशासारखा चकचकीत. मग त्यांनी नखानं कड खरवडली तर कडेचा तुकडा सुकलेल्या भाकरीसारखा मोडून हातात आला. वर कडक, आत भुसा. "ये पॅड नै साब, शहाबादी है शहाबादी. फरशी बिठाने कू अच्छी."

डिस्कवरही निळसर झाक आली होती. ती तापल्याची खूण.

झालं काय होतं, ते चाचांनी त्यांच्या भाषेत आणि मी नंतर माझ्या बी.एस्सी.च्या भाषेत समजून घेतलं. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करायचं यंत्र. माझी गाडी १४४ किलो, मी ७८, सॅम्पलची बॅग आठ. सगळं मिळून २३० किलो. हे वजन शंभर मीटर खाली उतरलं की सव्वादोन लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेत पाऊण लिटर पाणी चहाला उकळतं. थोडी हवेत जाते, गिअर खालचा असला तर बरीचशी इंजिन खातं, राहिलेली सगळी त्या दोन बोटांएवढ्या पॅडवर आणि डिस्कच्या पत्र्यावर. मी चौथ्या गिअरमध्ये होतो, म्हणजे इंजिनाला मी जवळजवळ सुट्टीच दिली होती. साध्या पॅडमध्ये तंतू, भुकट्या, घर्षणाचा मसाला हे सगळं राळेनं एकत्र बांधलेलं असतं. ती राळ मर्यादेपलीकडं तापली की वायू सोडते, पॅड आणि डिस्कच्या मधे त्याचा पातळ थर तयार होतो आणि पॅड डिस्कवर तरंगतो. लिव्हर घट्ट, पण पकड नाही. चांगल्या मसाल्यातही हे होतं, पण उशिरा होतं आणि थंड झाल्यावर पकड बरीचशी परत येते. माझे कायमचेच वाळले.

दुसऱ्या तऱ्हेनंही ब्रेक जातो आणि दोन्हींची लोक गल्लत करतात. लिव्हर घट्ट न राहता लोण्यात बोट घातल्यासारखी आत गेली, तर दोष पॅडचा नाही, ऑइलचा. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ४ ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पण ओल प्यालेल्या ऑइलची हमी १५५ अंशांपर्यंत उतरते. घाटात ते आतल्या आत उकळतं, वाफ होते आणि वाफ दाबली जाते. मग तुम्ही बाजारातले सगळ्यात महाग पॅड लावा, हँडलला लिव्हर टेकेपर्यंत दाबा, उपयोग नाही. माझं ऑइल चाचांनी काढून दाखवलं तर कोऱ्या चहासारखं. दोन वर्षांनी बदलायचं असतं, मी पाच वर्षं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावरच लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

आता नवीन पॅड. चाचा स्वतः पार्ट विकत नाहीत, चिठ्ठी देतात. चिठ्ठी घेऊन मोंढ्याकडच्या रस्त्याला एक जुनं स्पेअर पार्टचं दुकान आहे तिथं गेलो. दुकानदार काकांनी काउंटरवर तीन डबे ठेवले. एक गाडीच्या कंपनीचा, अडीचशेच्या आसपास. एक ब्रेकच बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या नावाचा, त्याहून तीस-चाळीस रुपये कमी. आणि तिसरा तोच आपला पांढरा. मी म्हणलं, काका, खरं सांगा, सगळ्यात जास्त कशात सुटतं? काका हसले. म्हणाले, "तुम्ही औषधवाले, तुम्हाला काय सांगायचं? ह्या पांढऱ्यात निम्मं आमचं."

हे ऐकून मला मेडिकलवाल्यांचं काउंटरच आठवलं. छापील किंमत शंभर आणि खरेदी वीसची अशी जेनेरिकची पाकिटं असतात, आणि ‘हेच घ्या, सेम आहे’ हे वाक्य नेमकं त्यांच्याच बाबतीत सगळ्यात गोड आवाजात म्हणलं जातं. सगळी जेनेरिक वाईट नसतात, हे मी आमच्या साहेबांच्या माघारी मान्य करतो. हिमाचलातल्या बद्दीच्या एकाच कारखान्यातून पाच कंपन्यांच्या गोळ्या निघतात. पॅडचंही थोडं तसंच. गाडीची कंपनी पॅड स्वतः करत नाही, ब्रेकवाल्यांकडून घेते. आपल्या संभाजीनगरजवळ वाळूजला एन्ड्युरन्स आहे, ती ब्रेकच्या सबंध जोडण्या करते. चाकणला ब्रेम्बोचा कारखाना आहे. छोट्या गाड्यांच्या कॅलिपरवर जे ‘बायब्रे’ लिहिलेलं दिसतं ते ‘बाय ब्रेम्बो’चंच लघुरूप. असे कारखाने गाडीच्या कंपनीला माल देतात आणि स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतात. म्हणून मधल्या डब्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण आतला मसाला गाडीबरोबर आलेल्या पॅडचाच आहे की दुकानासाठी वेगळा केलाय, हे डब्यावरून समजत नाही. त्या दिवशी घाट डोक्यात होता, मी गाडीच्या कंपनीचाच घेतला.

घेताना बघितलं काय, ते सांगतो, कारण लेबल वाचायची सवय धंद्यानंच लागली आहे. पार्ट नंबर जुन्या पॅडच्या डब्याशी किंवा पार्टबुकाशी जुळतो का. नुसतं ‘पल्सर’ म्हणून मागू नका, त्याच नावाच्या गाड्यांना वेगवेगळी कॅलिपर आहेत, आणि दोन डिस्कवाल्या १५० ची पुढची डिस्क माझ्या गाडीच्या डिस्कपेक्षा मोठी आहे. बॅच आणि बनवल्याचा महिना छापलाय का, की मागाहून शिक्का मारलाय. होलोग्राम नखानं निघतो का. मग डबा उघडून पॅड हातात. मागचा पत्रा सपाट पाहिजे, कडा सफाईदार, मसाला आणि पत्रा यांच्यात नख शिरेल अशी फट नको. मसाल्यात मधोमध खाच असते, ती झिजल्याची खूण. खाच दिसेनाशी झाली की पॅड संपला. पांढऱ्या डब्यातल्यांना खाच होती, पण मधे नाही, कुठंतरी कडेला, जणू कुणीतरी डोळे मिटून करवत फिरवली.

काही पॅडवर दोन इंग्रजी अक्षरं शेजारी शेजारी छापलेली असतात. पहिलं अक्षर पॅड साधारण तापलेला असतानाची पकड, दुसरं खूप तापल्यावरची. ‘एफ’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५, ‘एच’ त्याच्याही वर. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असलं तर समजायचं, हा गडी तापला की सुटतो. घाटवाल्यांनी दुसरं अक्षर बघावं. दुकानात मी हे विचारलं तर काकांच्या पोरानं माझ्याकडं असं बघितलं, की मी पॅडची कुंडली मागतोय.

दुसरा जोड बसला, ऑइल बदललं, घाट उतरायची रीत बदलली. दुसरा-तिसरा गिअर, आणि ब्रेक सारखा घासत न ठेवता दाबायचा, वेग मारायचा, सोडायचा. पावसाळाभर झकास चालले. मग नऊ हजार किलोमीटरवर, दसऱ्याच्या आसपास, खर्रर्र आवाज. लोखंडावर लोखंड. मी तिथंच ग्रुपवर लिहून मोकळा झालो की कंपनीचे पॅडसुद्धा आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, नऊ हजारात गेले. चौघांनी अंगठा दाखवला. एकानं तर ‘सगळीकडं लूटच चालू आहे’ म्हणून हात जोडले.

चाचांनी कॅलिपर उघडलं आणि दोन पॅड शेजारी शेजारी फरशीवर ठेवले. आतला पार पत्र्यापर्यंत गेलेला. बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक. मी म्हणलं, बघा, माल एकसारखा नाही. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी कॅलिपर माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सरकाव." सरकेना. दोन्ही हातांनी जोर लावला तरी सरकेना.

हे कॅलिपर दोन पिनांवर मागंपुढं सरकतं. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच रेट्यानं सबंध कॅलिपर उलट्या बाजूला सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतं. पिन जाम झाली की सगळं काम एकटा आतला पॅड करतो, बाहेरचा नुसता सोबतीला. माझ्या पिनेवरचं रबर चिरलं होतं आणि आत आपली काळी माती जाऊन बसली होती. ही माती ओली असताना चप्पल सोडत नाही आणि वाळल्यावर सिमेंट. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर जो चिखल टाकतात, तो पुढच्या चाकानं उडून थेट तिथं जातो. चाचांनी पिन काढली तर तिच्यावर मातीचं नळकांडंच तयार झालेलं. स्क्रू ड्रायव्हरनं ठोकल्यावर कडक मातीची साल निघाली, चॉकच्या तुकड्यासारखी, पोकळ.

म्हणजे पॅड बिचारा निर्दोष. ग्रुपवर माफी मागायची राहिली होती, ती इथं मागतो.

पिना घासून, नवीन रबरं टाकून, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावून बसवल्या. साधं पिवळं ग्रीस तिथं लावू नका. त्यानं रबर फुगतं, आणि मग पिन ग्रीसमुळंच जाम होते. चाचांकडं त्याची छोटी ट्यूब असते, मजुरीसकट सगळं दीडशेत झालं. डिस्कवर आतल्या बाजूनं रेघा पडल्या होत्या, नख अडकेल अशा. डिस्क कमीत कमी किती जाड पाहिजे तो आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. मोजून बघितलं, जागा होती, म्हणून डिस्क वाचली. पॅड वेळेत बदलले नाहीत तर डिस्कचा खर्च पॅडच्या कितीतरी पट. हे मला त्या दिवशी फुकटात कळलं.

तिसरा जोड पुन्हा गाडीच्या कंपनीचाच, आणि तो मी घरी बसवला. चाचांकडं चार वेळा बघितलं होतं, वाटलं त्यात काय एवढं. पिस्टन पुसून आत ढकलला. ढकलताना वरच्या टाकीतलं ऑइल चढतं, ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं, म्हणून फडकं गुंडाळलं होतं. सगळं शास्त्रशुद्ध. गाडी सुरू केली, अंगणाच्या उतारावरून फाटकाकडं निघालो आणि लिव्हर दाबली तर ती सरळ हँडलला टेकली. पिस्टन आत ढकलल्यावर तो पॅडपर्यंत परत यायला लिव्हर दहा-बारा वेळा पंप करावी लागते, हे मी विसरलो होतो. तुळशीवृंदावनाचा एक कोपरा गेला. आमची ही दारात उभीच होती. म्हणाली, "एवढ्या औषधांच्या बॅगा वाहता, विसरभोळेपणावर एखादी गोळी नाही का त्यात?" कोपरा अजून बसवायचाय.

नवे पॅड लागलीच पकड देत नाहीत. पृष्ठभाग डिस्कशी जुळायला वेळ लागतो. लोखंडी सावरगावच्या बाजूला सकाळी रस्ता मोकळा असतो, तिथं पन्नासच्या वेगावरून हळूहळू दहावर आणायचं, थोडं पळवून गार करायचं, पुन्हा. असं आठ-दहा वेळा केलं, आणि पहिले दोन-अडीचशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायची वेळ येणार नाही असं चाललो. त्या आठवड्यात मुद्दाम घाटाचा रूट ठेवला नाही, साहेबांना सांगितलं तब्येत बरी नाही.

ग्रुपमधला एक मित्र डॉमिनार चालवतो. त्यानं सिंटर्ड पॅड टाकले आणि तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगतो. सिंटर्ड म्हणजे राळ नाही. धातूची भुकटी दाबून, तापवून एकजीव केलेली. तापल्यावर टिकतात, पावसात भिजलेल्या डिस्कवर लवकर पकडतात, झिजतात कमी. त्याच्या गाडीला पुढं ३२० मिलीमीटरची डिस्क आणि एबीएस आहे, तो सोलापूर-धुळे हायवेनं शंभरच्या पुढं जातो, त्याला शोभतं. मी त्याची गाडी चालवून बघितली. पकड खरंच जोरदार, थोडा आवाज येतो. पण माझ्या १५० ला? किंमत माझ्या पॅडच्या पाच-सहा पट, डिस्क लवकर खाणार, आणि एबीएस नसलेल्या गाडीला वाळूवर, पाचटावर एकदम जास्त चावणारा ब्रेक मला नकोच आहे. हंगामात माजलगावच्या रस्त्यावर पडलेलं पाचट ओलं असलं की साबणासारखं. तिथं मला हळुवार ब्रेक पाहिजे.

एक प्रकार मात्र कोणत्याही पॅडला मारतो. वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की पोरं चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा मारतात, डिस्कवरसुद्धा. मागच्या उन्हाळ्यात एका ठिकाणी हेच झालं आणि पहिल्या चौकात ब्रेकच नाही. मसाला तेल पितो. वरवर पॉलिश पेपरनं घासून एक दिवस भागलं, पण तेल तापलं की पुन्हा वर येतं. माझ्या नशिबानं फवारा डिस्कच्या कडेवरच बसला होता, म्हणून जोड वाचला. आता धुवायला दिली की मी स्वतः उभा राहतो आणि पहिलंच वाक्य, "डिझेल नको रे बाबा." चेनला स्प्रे मारणाऱ्यांनाही हेच.

मागच्या लायनरचं, म्हणजे ड्रमच्या आतून घासणाऱ्या पट्ट्यांचं, फार सांगत नाही. ड्रम आहे, बरी कंपनी बघून घ्या, वर्षातून एकदा उघडून भुकटी साफ करा. फक्त तोंडानं किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकू नका. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते छातीत जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पुसायचं. छातीच्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर मी आठवड्यातून दोनदा बसतो, म्हणून सांगतो.

गुण द्यायचे तर पांढऱ्या डब्याला शून्य, तेही जास्त. गाडीच्या कंपनीच्या पॅडला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पहिल्या पावसात पहिल्यांदा दाबताना अर्धा क्षण गप्प राहतात म्हणून. मोंढ्याच्या दुकानाला चार. काकांनी खरं सांगितलं त्याचे पूर्ण मार्क, पण सप्टेंबर २०२५ मध्ये पार्टवरचा जीएसटी २८ चा १८ झाला तरी परवा पुन्हा गेलो तेव्हा जुन्याच छापील किमतीचा डबा पुढं केला होता. विचारल्यावर कमी केले. न विचारणाऱ्याचं काय, माहीत नाही.

तिसऱ्या जोडावर आजपर्यंत चौदा हजार झालेत. परवा टॉर्च मारून बघितलं, दोन्ही बाजू सारख्या झिजल्यात आणि मसाला अजून रुपयाच्या दोन नाण्यांएवढा आहे. एका नाण्याएवढा राहिला की काढणार. पिना मात्र मी आता मेमध्ये आणि दिवाळीला अशा दोनदा उघडून घेतो. चाचांकडं जाणार असाल तर जून उजाडायच्या आत जा, नंतर सगळं गाव तिथं असतं, आणि शुक्रवारी दुपारी एक ते अडीच ते नमाजला जातात. जुना पॅड फेकू नका, दुकानात सोबत न्या. चिठ्ठीवरचं अक्षर काकांना लागत नाही. चाचा आमच्या डॉक्टरांच्याही वरताण लिहितात.